साथीच्या काळात रुग्णवाहिकेवरच्या माणसांच्या जेवणाची सोय कशी लावावी

‘गाडीवरच्या लोकांच्या जेवणाचं बघा’ असं सांगून जबाबदारी अंगावर आली की बहुतेक जण आधी खोली शोधायला निघतात. खोली मिळते, खुर्च्या येतात, डबे येतात, आणि दुपारी तीन वाजता तेच डबे गार होऊन तसेच पडलेले दिसतात. कारण जेवायला माणसं आलेलीच नसतात. या कामात आधी वेळ मिळवावी लागते, मग जागा, आणि सगळ्यांत शेवटी अन्न. हा क्रम उलटा झाला की खर्च होतो आणि माणूस उपाशी राहतो.

महाराष्ट्रात १०८ ही आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांत २३३ एएलएस (प्रगत जीवरक्षक सोयींच्या) आणि ७०४ बीएलएस (प्राथमिक जीवरक्षक सोयींच्या). गाडीवर एक डॉक्टर, एक चालक. बऱ्याच ठिकाणी बारा तासांची पाळी. कोविडच्या लाटांमध्ये याशिवाय १०२ च्या (गरोदर बायका आणि बाळांना नेणाऱ्या सरकारी) गाड्या, नगरपालिकांच्या, ट्रस्टच्या, भाड्याने लावलेल्या गाड्याही धावत होत्या. पुढची सगळी मापं एका तालुक्याच्या ठिकाणासाठी दिली आहेत: उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयाचं आवार, चार गाड्या, सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा दोन पाळ्या. म्हणजे एका पाळीला आठ माणसं, दिवसाला सोळा. तुमच्याकडे सहा गाड्या असतील तर त्या हिशोबाने वाढवा.

पहिलं काम: वेळ मिळवा

मागच्या सात दिवसांची कॉलशीट, म्हणजे कोणती गाडी कधी कुठे गेली याची नोंद, मागून घ्या आणि प्रत्येक गाडी रुग्ण सोडल्यावर कुठे आणि किती वेळ उभी होती तेवढंच बघा. साथीत एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. संसर्गाची केस सोडल्यावर गाडी तशीही अर्धा-पाऊण तास रस्त्यावर नसते. आतून पुसायची असते, हायपोक्लोराइट (जंतू मारणारं क्लोरीनचं द्रावण) किमान दहा मिनिटं पृष्ठभागावर राहू द्यायचं असतं, दारं उघडी टाकून हवा खेळवायची असते. जेवणाची वेळ इथेच आहे. पण ती निसटते, कारण गाडी पुसणारेही तेच दोघं असतात. म्हणून पहिली मागणी वैद्यकीय अधीक्षकांकडे करायची ती टेबल-खुर्च्यांची नाही, तर गाडी निर्जंतुक करायला प्रत्येक पाळीत एक वेगळा माणूस द्या, ही. त्याला किट (अंगभर घालायचा पीपीई संच) द्या, शिकवा, आणि त्याच्याही जेवणाची पाळी यादीत लिहा. तो नेमका विसरला जातो.

आता एका जेवणाला खरा वेळ किती लागतो ते मोजा. किट उतरवणं आणि हात धुणं १२ ते १५ मिनिटं, लघवी आणि तोंड धुणं ५, जेवण ३०, किट पुन्हा चढवणं १०. साधारण एक तास. ‘अर्ध्या तासाची सुट्टी’ असं कागदावर लिहिलं की प्रत्यक्षात माणसाला जेवायला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि मग तो किट नीट न उतरवता, घाईने कोपरापर्यंत खाली ओढून, बाहेर उभ्याउभ्या खातो. त्यामुळे कागदावर तास लिहा. पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती ही रीत १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घालून दिली. रुग्णवाहिकेला तो कायदा लागू नसला तरी मागणी करताना हे माप हाताशी असू द्या.

चार गाड्या, प्रत्येकीला एक तास, एका वेळी एकच गाडी. म्हणजे सकाळी अकरा ते दुपारी तीन. ज्या गाडीची पाळी दोन वाजता येते ती माणसं आठ वाजल्यापासून सहा तास ताटकळलेली असतात, म्हणून त्यांना दहाच्या सुमारास चहा-नाश्त्याची थांबण्याची वेळ द्या आणि क्रम रोज एकाने पुढे सरकवा. संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान प्रत्येक गाडीला पंधरा-वीस मिनिटांचा दुसरा थांबा. रात्रपाळीची माणसं बहुधा घरून जेवून येतात. त्यांची खरी भूक रात्री दोन ते तीनला असते, तेव्हाची सोय करा.

हे सगळं गाड्यांना कॉल देणाऱ्या नियंत्रण कक्षाला मान्य नसेल तर फुकट आहे. जेवणाला बसलेल्या गाडीची नोंद त्यांच्या पडद्यावर ‘उपलब्ध’ अशी दिसत असेल तर कॉल येणारच, आणि त्यात फोनवर बसलेल्या माणसाचा दोष नाही. ‘जेवण’ अशी वेगळी स्थिती लावून घ्या आणि ती कोणत्या कारणासाठी मोडता येईल ते लेखी ठरवा. श्वास किंवा हृदय बंद पडणं, मोठा अपघात, अडलेली बाळंतीण, आणि तेही दुसरी गाडी जवळ नसेल तरच. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात ठरवून न्यायचा रुग्ण असेल तर जेवण मोडायचं नाही. मोडलंच, तर परत आल्यावर उरलेली दहा मिनिटं नव्हे, पूर्ण तास पुन्हा द्यायचा.

दुसरं काम: जागा

साथ हवेतून पसरणारी असेल तर जेवणाची जागा ही अख्ख्या पाळीतली सर्वांत धोक्याची जागा आहे. रुग्णाजवळ एन-९५ तोंडावर असतो. इथे चार माणसं मास्क काढून, एकमेकांकडे तोंड करून, दमलेल्या जिवाने गप्पा मारत बसतात. आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण रुग्णाकडूनच होते असं धरून चालू नका. जेवताना सहकाऱ्याकडून होणं सोपं आहे.

पसंतीचा क्रम असा. पहिली पसंती उघड्या बाजूंच्या मांडवाला किंवा पत्र्याच्या शेडला. दुसरी, समोरासमोर खिडक्या असलेल्या खोलीला. बंद एसी खोली नकोच, कारण भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवत राहतो. उन्हाळ्यात विदर्भात ४५ अंशांत मांडवात बसवत नाही हे खरं आहे. तिथे खिडक्या उघड्या ठेवून कूलर लावा. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, म्हणून तो या कामात एसीपेक्षा बरा, मात्र हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी. पंखा ठेवायचा असेल तर तो खिडकीकडे तोंड करून, हवा बाहेर ढकलणारा ठेवा. दोन माणसांच्या रेषेत पंखा ठेवणं म्हणजे एकाचा श्वास दुसऱ्याच्या ताटात पोचवणं. कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र मिळालं तर जेवताना आकडा ८०० पीपीएमच्या खाली राहतो का ते बघा. वर गेला तर माणसं कमी करा किंवा दार उघडा.

बारा बाय पंधराच्या खोलीत खिडक्या उघड्या असतील तर चार खुर्च्या, चार कोपऱ्यांत. खिडक्या नसतील तर दोन. खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून मांडा आणि जमिनीवर रंगाने खुणा करा. खुणा नसल्या की दुसऱ्या दिवशी खुर्च्या पुन्हा गोल होतात, माणसाला गोल करून जेवायची सवय असते. मांडव असेल तर जूनच्या आधी ताडपत्रीचा उतार आणि पाणी जायची चर करून घ्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस आडवा येतो, मग मांडववाला चारही बाजूंनी कनाती लावून देतो आणि उघडी जागा बंद खोली होऊन बसते. वाऱ्याच्या बाजूच्या दोन कनाती लावा, दोन कायम वर बांधलेल्या ठेवा.

शौचालय पन्नास पावलांच्या आत हवं, बायकांसाठी वेगळं, आतून कडी, दिवा, पाणी, आणि झाकणाची बादली. ही सोय नसली की बाई डॉक्टर पाणी पिणंच बंद करतात. किट चढवायच्या आधी दोन तास पाणी न पिणं, मग किटमध्ये चार-पाच तास, मग डोकेदुखी आणि लघवीची जळजळ. जेवणाच्या सोयीत शौचालय धरलेलं नसेल तर ती सोय अर्धीच आहे.

तिसरं काम: मळक्या बाजूकडून स्वच्छ बाजूकडे

गाडी जिथे पुसली जाते आणि ताट जिथे ठेवलं जातं त्यांच्यामध्ये एकच वाट असावी आणि ती एकाच दिशेने जावी. जमिनीवर आधी लाल पट्टा, मग पिवळा, मग जेवणाच्या जागेला हिरवा मारा. पाटी लोक वाचत नाहीत, पायाखालचा रंग दिसतो.

लाल भागात किट उतरतं. एक स्टूल ठेवा, कारण बुटावरची आवरणं काढताना दमलेला माणूस एका पायावर तोल सावरायला हात भिंतीला लावतो, तोच हात मग चेहऱ्याकडे जातो. समोर आरसा लावा. बाहेरचे हातमोजे, मग कव्हरऑल (किटचा अंगभर पोशाख) टोपीपासून मागे गुंडाळत आतली बाजू बाहेर येईल अशा रीतीने, मग संरक्षक चष्मा, मग आतले हातमोजे. प्रत्येक टप्प्यानंतर हातांवर सॅनिटायझर. एन-९५ सगळ्यांत शेवटी, लाल भागाच्या बाहेर पडल्यावर, मागच्या पट्ट्या धरून, पुढच्या भागाला हात न लावता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोविडकाळातल्या नियमांप्रमाणे मास्क, टोपी, बुटांची आवरणं आणि बिगर-प्लास्टिक किट पिवळ्या पिशवीत, तर नायट्रिलचे (रबरासारखे) हातमोजे, संरक्षक चष्मा, प्लास्टिकचं कव्हरऑल लाल पिशवीत. पिशव्या दुहेरी घाला. जेवणाचं उरलेलं आणि पत्रावळ्या या पिशव्यांत टाकू नका, त्यांची बादली हिरव्या भागात वेगळी.

पिवळ्या भागात हात धुणं. एका वेळेला दीड लिटर पाणी धरा. सोळा माणसं, प्रत्येकी तीन वेळा, म्हणजे दिवसाला ७२ लिटर. नळ नसेल तर शंभर लिटरचा ड्रम, खाली तोटी, आणि तोटीखाली सांडपाण्याची बादली. पायाने दाबायचा नळ स्थानिक फॅब्रिकेशनवाला एका दिवसात बनवून देतो. नाहीच जमलं तर कोपराने उघडेल अशी लांब दांड्याची तोटी बसवा. साबणाची वडी चिखल होऊन बसते, त्यापेक्षा द्रव साबण. धुण्याचा वेळ ४० सेकंद. पुसायला कागदी रुमाल, टांगलेला सामाईक टॉवेल नाही. धुतल्यावर लगेच नवा तीन पदरी मास्क, तोंड उघडं ठेवून टेबलाकडे चालत जायचं नाही.

मास्कचं काय करायचं यावर सगळ्यांत जास्त चुका होतात. वापरलेला एन-९५ खिशात, हनुवटीखाली किंवा टेबलावर ताटाशेजारी. पुरवठा कमी असल्यामुळे तोच पुन्हा वापरायचा असेल तर नाव आणि तारीख लिहिलेल्या कागदी पिशवीत, पिवळ्या भागातल्या खिळ्यावर टांगायचा. प्लास्टिकच्या पिशवीत तो ओला राहतो.

दुसरी चूक मोबाइलची. जेवताना डाव्या हातात फोन, उजव्या हाताने घास. पिवळ्या भागात ७० टक्के अल्कोहोलच्या पॅडने फोन पुसून पारदर्शक पिशवीत ठेवायला लावा. पिशवीतूनही पडदा चालतो. नियंत्रण कक्षाचा फोन टेबलावरच्या एकाच स्पीकरवर येऊ द्या.

हायपोक्लोराइटचं माप पाठ करून टाका: बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग औषध आणि चार भाग पाणी मिळून १ टक्का. हे गाडीसाठी. रोज ताजं करायचं, कालचं वापरायचं नाही, आणि ॲसिडमध्ये किंवा संडास धुण्याच्या औषधात कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. जेवणाच्या टेबलाला इतकं कडक औषध लागत नाही, साबणाचं पाणी आणि मग साधं पाणी पुरतं. डब्यांवर, फळांवर, माणसांच्या अंगावर हायपो फवारणं पूर्णपणे बंद. त्याने डोळे चुरचुरतात, खोकला लागतो, आणि फायदा काहीच नाही. सॅनिटायझरची बाटली शेगडीपासून किमान दहा पावलं लांब. ते पेट घेतं, आणि ज्योत उन्हात दिसतही नाही.

चौथं काम: ताटात काय

कोविडकाळात शिवभोजन थाळी पाच रुपयांत मिळत होती: ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. टाळेबंदीत हॉटेलं बंद असताना तिचा मोठा आधार झाला. पण बारा तास स्ट्रेचर उचलणाऱ्या माणसाला ती कमी पडते. आमच्या हिशोबाने एका माणसाला चार पोळ्या किंवा दोन भाकऱ्या, दीडशे ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम घट्ट वरण किंवा उसळ, तेवढाच भात, आणि एक फळ. चमचमीत, तेलकट जेवण दुपारच्या पाळीला देऊ नका. चालकाला त्यानंतर तीन तास घाटात गाडी चालवायची असते, आणि जड जेवणाने डोळ्यांवर झापड येते.

अन्न खराब होण्याचा हिशोब घड्याळाचा आहे. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम राहत नसेल तर दोन तासांत संपवायचं, उन्हाळ्यात एका तासात. प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी लावा: ‘शिजवलं ११:३०, संपवा १:३०’. भाताच्या बाबतीत कडक राहा. गार पडलेल्या भातात वाढणारा एक जिवाणू जे विष तयार करतो ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून ‘मागाहून येणाऱ्यांसाठी भात झाकून ठेवला’ हे चालणार नाही. उशिरा येणाऱ्या गाडीसाठी भात काढूनच टाका आणि कोरडं ठेवा.

कोरड्या डब्यासाठी आपल्याकडे वाटेवरच्या शिदोरीची उत्तम जाण आहे, ती वापरा. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, थालीपीठ, केळी. ओल्या नारळाची चटणी, दहीभात, पनीर, रस्सा यांतलं काही त्यात घालू नका. दशम्या गरम असताना फॉइलमध्ये गुंडाळल्या की आत वाफेचं पाणी धरतं आणि तासाभरात कडा चिकट होतात, दुसऱ्या दिवशी वास येतो. आधी सुती कापडावर पसरून पूर्ण गार करा, मग त्याच कापडात बांधून डब्यात. रोज आठ कोरडे डबे तयार ठेवा. न लागलेले रात्रपाळीला जातात.

मधुमेही कोण, उपवास कोणाचा, रोजा कोणाचा ही यादी पहिल्याच दिवशी करा. मधुमेह्याच्या जेवणाची पाळी पुढेमागे ढकलायची नाही. रमजानमध्ये रोजा असलेल्यांचा संध्याकाळचा थांबा इफ्तारच्या वेळेला सरकवा, खजूर आणि पाणी गाडीतल्या डब्यात आधीच द्या. श्रावणात आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी एकटी पुरत नाही, सोबत दाणे, दही, केळी द्या.

पाणी एका माणसाला पाळीला चार लिटर धरा. आठ माणसांना ३२, म्हणजे वीस लिटरचे दोन जार. नाव लिहिलेली स्वतःची बाटली, सामाईक पेला नाही. किट उतरवल्यावर एकदम लिटरभर पाणी ढोसलं की पोटात कळ येते. आधी पेलाभर, मग जेवणासोबत आणखी. घाम फार जात असेल तर ओआरएस: २०.५ ग्रॅमचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट पेल्यात नाही.

गाडीतच खावं लागलं तर

गडचिरोलीहून नागपूरला रुग्ण पोचवायला गेलेली गाडी तुमच्या मांडवात जेवायला येऊ शकत नाही. टाळेबंदीत ढाबे बंद असतात, आणि उघडे असले तरी रुग्णवाहिका बघून हात जोडणारे भेटतात. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने १८९७ च्या साथरोग कायद्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना संरक्षण दिलं, पण भूक लागलेल्या माणसाने ढाब्यावर कायदा सांगत उभं राहायचं का? निघतानाच शिदोरीची पेटी द्या: दोन कोरडे डबे, चार लिटर पाणी, हात धुवायला दोन लिटरची तोटीची बाटली, साबण, चार नवे मास्क, कागदी पिशव्या, एक चटई. ज्या रुग्णालयात रुग्ण सोपवायचा तिथे निघण्याआधी फोन करून किट उतरवायची जागा आणि शौचालय विचारून ठेवा.

रुग्णाच्या भागात कधीही खायचं नाही, गाडी पुसलेली असली तरी. रुग्ण सोपवून, किट उतरवून, हात धुऊन, गाडीपासून लांब झाडाखाली चटईवर. पाऊस असेल तर चालकाच्या केबिनमध्ये, मधली खिडकी बंद, बाहेरच्या दोन्ही काचा खाली, आणि एकाचं झाल्यावर दुसऱ्याने. डॉक्टर आणि चालक दोघांचा डबा सारखाच असावा. एकाला रुग्णालयाचं गरम जेवण आणि दुसरा बाहेर उभा, असं होऊ देऊ नका.

पैसे आणि देखरेख

गाडी एकाची, माणसं ठेकेदाराची, आवार रुग्णालयाचं. त्यामुळे जेवणाचा खर्च कोणाचा हे कोणीच ठरवत नाही. पहिल्या आठवड्यात मंडळं, ट्रस्ट, गुरुद्वारे उत्साहाने देतात, महिन्याभराने हात आखडतो. सुरुवातीलाच एका कागदावर लिहून तिन्हींच्या सह्या घ्या: जागा, वीज, पाणी कोणाचं, अन्न कोणाचं, सफाईचा माणूस कोणाचा. रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विषय मांडून ठराव करून घ्या, तोंडी होकारावर विसंबू नका.

जागा ताब्यातून जाणं हा सगळ्यांत नेहमीचा बिघाड. दोन आठवड्यांत कोपऱ्यात सिलिंडर येतात, मग किटची खोकी, मग कोणाचं तरी टेबल. रोज सकाळी आठला पाळी बदलताना मोकळी जागा बघून सही करणारा एक माणूस ठरवा.

दारामागे वही लटकवा. रकाने पाचच: गाडी क्रमांक, जेवणाची ठरलेली वेळ, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, मोडलं असेल तर कारण. आठवड्याने तिसरा रकाना दुसऱ्याच्या किती मागे पडतो ते मोजा. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त पडत असेल तर अन्नात बदल करत बसू नका, ती वही घेऊन नियंत्रण कक्षाशी बोला. आणि आठवड्यातून एकदा तरी रात्री तीनला स्वतः जाऊन बघा: ड्रममध्ये पाणी आहे का, शौचालयाचा दिवा लागतो का, थर्मासमधला चहा गरम आहे का, आणि त्या रात्रीच्या चारही गाड्यांच्या नावापुढे ‘बसल्याची वेळ’ भरलेली आहे का.